आवाज थोडा पुढे घ्या

"आता?" टीव्हीवाल्यानं विचारलं.

"अजून थोडा पुढे घ्या."

"काका, याहून पुढे घेतला तर ही बाई काय बोलणार आहे ते तिच्या आधी आपल्याला कळेल."

"मग? त्यात वाईट काय?"

भिंतीवरच्या नव्या कोऱ्या टीव्हीत बातम्या सांगणारी बाई होती. 'ठळक' हा शब्द आधी खोलीत आला आणि मग, तो म्हणायला हवा हे आठवल्यासारखे, बाईचे ओठ उघडले. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं डोकावलं.

"अहो, तोंड उघडायच्या आधीच बोलून मोकळी होतेय ती. तुमच्या ताईंसारखी."

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

"कोण, ताई?"

"आवाज."

टीव्हीवाल्यानं रिमोट मांडीवर ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, सकाळपासूनचं हे चौथं घर. एके काळी तो टीव्हीची मागची बाजू उघडायचा. आता फक्त मेनू उघडतो. मागची बाजू उघडायचा तेव्हा लोक भोवती उभे राहून डॉक्टरकडे पाहावं तसे पाहायचे. मेनू उघडणाऱ्याकडे कुणी तसं पाहत नाही. उलट प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, हे तर आमचा नातूसुद्धा करतो. इथं नातू परगावी होता म्हणून त्याला बोलावलं होतं.

टीव्ही मुलानं पाठवला होता. त्याच्याबरोबर भिंतीवर पाल चिकटावी तसा चिकटणारा एक लांबट स्पीकरही. फोनवर मुलगा म्हणाला होता, "बाबा, सगळं ऑटोमॅटिक आहे. तुम्ही फक्त बसायचं." बसण्याचा अनुभव बाबांना दांडगा होता, पण ऑटोमॅटिक काही झालं नाही. पहिल्या दिवशी स्पीकरचा आवाज ओठांच्या मागून फरफटत येत होता, आणि माणसं तेल सांडलेल्या फरशीवरून सरकावीत तशी चालत होती. मेनूची भाषा बदलून पाहिली तर 'हालचाल सुलभीकरण' आणि 'ओष्ठध्वनी समक्रमण' असे दोन पर्याय समोर आले, आणि ते दोघंही नवराबायको आदरानं मागे सरले.

"मराठी नको काका," टीव्हीवाला आल्या आल्या म्हणाला होता, "मग मलाच कळत नाही." आणि त्यानं मेनू परत पहिल्यासारखा केला होता.

"हे बघा," आता त्यानं चौथ्यांदा समजावलं. "मोशन वाढवलं की चित्र गुळगुळीत होतं, पण ते गुळगुळीत करायला टीव्हीला वेळ लागतो. म्हणून चित्र मागे राहतं, आवाज पुढे येतो. मोशन बंद केलं की चित्र वेळेवर येतं, आणि मग आवाज आकडा लावून जुळवता येतो. मी जुळवून दिला की तुम्ही म्हणता मागे पडला. मी पुढे घेतला की काकू म्हणतात पुढे गेला. एकाच घरात दोन घड्याळं कशी लावू?"

"माझं बरोबर आहे," बायको म्हणाली.

"तुमचं बरोबर आहे," टीव्हीवाला म्हणाला. "काका, एक विचारू? नोकरी काय करत होता?"

"प्रॉम्प्टर होतो. नाटक कंपनीत."

टीव्हीवाल्यानं चष्मा परत चढवला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे ते आतून वाक्यं सांगतात ते?"

"अडतीस वर्षं."

"मग असं आधी सांगायचं! म्हणजे आधी तुमचा आवाज, मग त्यांचं तोंड." तो हसायला लागला. "काका, तुमचे कान अजून ड्यूटीवर आहेत. टीव्हीचा काही दोष नाही."

ही गोष्ट खरी होती, आणि अडतीस वर्षांत कुणी इतक्या थोडक्यात सांगितली नव्हती. विंगेच्या काळोखात एका स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात झाकण लावलेली बॅटरी. नट बोलतो तेव्हा आपण गप्प, आणि आपण बोलतो तेव्हा नट अडलेला. वाक्य आपल्या तोंडून निघून त्याच्या तोंडी जाईपर्यंत जो क्षण जायचा त्यातच त्यांचं सगळं आयुष्य गेलं. नट अडला की ओठ न हलवता विंगेकडे पुटपुटायचा, "पुढचं!" त्यावरून कंपनीत त्यांचं नाव 'पुढचे' पडलं. नंतर आलेल्यांना ते आडनावच वाटलं. एकदा हिशेबनिसानं पाकिटावर 'श्री. पुढचे' असं लिहिलं, एका नटीनं लग्नाची पत्रिका 'पुढचे कुटुंबीयांस' पाठवली. गंमत अशी की हा माणूस जन्मभर मागे बसला. जाहिरातीत, फोटोत, सत्काराच्या यादीत कुठंही नाही. पंचविसाव्या वाढदिवसाच्या अंकात कंपनीनं सगळ्यांचे आभार मानले, त्यात 'आणि इतर' होते. नावं दिग्दर्शकाच्या सासऱ्यांपर्यंत पुरली. 'इतर' म्हणजे पुढचे.

"लोकांना बरोबर दिसेल असं लावा," ते म्हणाले. "मला मागे वाटलं तर वाटू दे."

टीव्हीवाल्यानं मोशन बंद केलं, आकडा जुळवला. बाई आणि बाईचा आवाज एकत्र नांदू लागले. पुढच्यांना ते दोघं गळ्यात गळा घालून चालल्यासारखे वाटले, थोडे निर्लज्जच. पण त्यांनी मान हलवली. निवृत्त झाल्यापासून त्यांना एक गोष्ट कळली होती, की थकायला काही काम केलेलं लागत नाही.

"झालं मग." टीव्हीवाला उठायला लागला.

"अजून एक आहे," बायको म्हणाली. "मुख्य तेच आहे. काढा हो ते."

पुढच्यांनी शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. रुमालात गुंडाळलेला.

त्यात एक नाटक होतं. सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाचं चित्रीकरण, कॅसेटवरचं, मुलानं यात उतरवून दिलेलं. दादांच्या कामाचं एवढं एकच चित्रीकरण जगात उरलं होतं. दादा म्हणजे कंपनीचे प्रमुख नट. गेल्या वर्षी गेले. आणि त्यांची मुलगी आज पाच वाजता हे नाटक बघायला येणार होती. तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं. शाळकरी वयात बापाचं नाटक बघायचा तिला कंटाळा होता, आणि नंतर बापाचाच.

"आणि ह्यांचा आवाज आहे त्यात," बायको टीव्हीवाल्याला म्हणाली. "अडतीस वर्षांत एकदाच कुठंतरी उमटलाय. जुन्या डब्यात हे स्पीकरला कान लावून ऐकायचे. मला काही कधी ऐकू आला नाही. नुसती खरखर. मी म्हणायची, असेल बाई."

"वाक्य आहे एक," पुढचे अवघडून म्हणाले. "पाचच शब्दांचं. तिसऱ्या अंकात."

तिसऱ्या अंकात मुलगा भांडून घर सोडतो, आणि दादा, म्हणजे नाटकातले वडील, उघड्या दाराकडे पाहत उभे राहतात. मग म्हणतात, "दार लावू नका. येईल तो." त्या दिवशी दादा उभे राहिले आणि उभेच राहिले. एक सेकंद, दोन, पाच. पुढच्यांना आधी वाटलं, घेताहेत थोडा वेळ. मग त्यांना दादांचा डावा हात दिसला. कोटाच्या शिवणीवरून बोट फिरत होतं, दाराची कडी चाचपावी तसं. तेव्हा त्यांनी वाक्य टाकलं. दादांनी उचललं. अकरा सेकंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की त्या स्तब्धतेत एक बाप प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. आठवड्यानं दुसऱ्यानं लिहिलं की शब्दांपलीकडचं नाट्य काय असतं ते त्या अकरा सेकंदांत कळतं. सेकंद त्यानं मोजले होते, हे खरं कौतुक. मग काय, प्रत्येक प्रयोगात दादा अकरा सेकंद थांबू लागले. लोक त्यासाठी तिकीट काढू लागले. दिग्दर्शकानं पुढच्यांच्या संहितेत त्या जागी पेन्सिलीनं लिहून घेतलं, 'थांबणे – ११'. बाहेरगावचे नट येऊन बसायचे, घड्याळ लावून शिकायचे. नटांच्या दोन पिढ्यांनी एका विसरण्याचा अभ्यास केला.

त्या रात्री पडदा पडल्यावर दादा विंगेत आले होते. तोंड पुसत म्हणाले, "पुढचे, तुम्ही काही बोललात का मघाशी?"

"नाही," पुढचे म्हणाले.

"बरं," दादा म्हणाले.

या विषयावर दोघांचं जन्मभरात झालेलं बोलणं ते एवढंच. प्रेक्षकांत काही ऐकू गेलं नव्हतं. पण चित्रीकरणवाल्यानं आवाजासाठी एक माइक रंगमंचाच्या कडेला ठेवला होता, नेमका पुढच्यांच्या विंगेजवळ, आणि माइकला कुणी 'बरं' म्हणायला शिकवलं नव्हतं.

"आता दादा नाहीत," बायको म्हणाली. "मुलगी घरची आहे. तिला ऐकवायचं. मी ह्यांना म्हटलं, आज सांगून टाका. किती वर्षं त्या पॉजचं कौतुक ऐकायचं मी? लग्नाकार्यात भेटलेली माणसंसुद्धा मलाच सांगतात, दादांचा तो पॉज बघितलात का हो! मी बघितला नाही. मी पॉजबरोबर संसार केलाय."

पुढचे पेन ड्राइव्हच्या रुमालाची घडी घालत राहिले. पण बायकोनं काढलेला इस्त्रीचा शर्ट त्यांनी दुपारीच घातला होता, म्हणजे त्यांनाही तेच हवं होतं. दुसऱ्याचं वाक्य अडतीस वर्षं जपलं, पाच शब्द आपल्या नावावर असावेत एवढंच. फार मोठी मागणी नव्हती. पण या वयात मागण्या लहान झाल्या की जास्त टोचतात.

टीव्हीवाल्यानं तिसरा अंक काढला. दादा उघड्या दाराशी उभे राहिले. एक, दोन, पाच, आठ. पुढचे खुर्चीच्या कडेला सरकले. "दार लावू नका," दादा म्हणाले. "येईल तो."

"कुठंय?" बायकोनं विचारलं.

"नाही आला," पुढचे म्हणाले.

पुन्हा लावलं. दादा स्वच्छ, खणखणीत. मागे काही नाही. जुन्या डब्यातली खरखर गेली होती आणि तिच्याबरोबर पुढचेही गेले होते.

"स्पष्ट संवाद नावाचं एक सेटिंग असतं," टीव्हीवाला मेनूत शिरत म्हणाला. "पुढचा माणूस बोलतो तेवढा ठेवायचा, मागची कुजबुज गाळायची. कंपनीतूनच चालू करून पाठवतात."

"त्यांना बरं माहीत," बायको म्हणाली.

त्यानं ते बंद केलं. नुसता घुमारा आला. मग स्पीकरच्या यादीतून आणखी दोन गोष्टी बंद केल्या, एक चालू केली, आवाज थोडा जाड केला, मग बारीक. पुढच्या घरी जायची वेळ झालेला माणूस असं काम करत नाही. पण हे मेनूचं काम राहिलं नव्हतं, मागची बाजू उघडल्यासारखं झालं होतं. तो गुडघ्यावर बसून स्पीकरला कान लावत होता. सहाव्या वेळी त्यानं हात वर केला.

दादा उभे. पाच, आठ, दहा. आणि खोलीत, अगदी टेबलाशेजारी कुणी वाकून बोलावं तसं आलं, "दार लावू नका, येईल तो."

त्याआधी घेतलेला श्वाससुद्धा आला.

पडद्यावर नाटक पुढे गेलं.

"हे तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"हो."

"किती तरणा आवाज आहे हो." ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "आणि घाबरलेला."

"घाबरलेला नाही. हळू बोलावं लागतं."

"मला कळतं घाबरलेला कसा असतो. दवाखान्यात ह्याच्या वेळी तुम्ही असंच बोलत होता." ह्याच्या म्हणजे टीव्ही पाठवणाऱ्या मुलाच्या. "परत लावा हो एकदा."

टीव्हीवाल्यानं परत लावलं. मग त्यानं दोन्ही सेटिंग वेगवेगळी साठवली आणि रिमोटची दोन बटणं दाखवली. "हे पिवळं दाबलं तर तुम्ही आहात. हे निळं दाबलं तर नाही. नाटक चालू असतानासुद्धा बदलता येईल. विसरणार नाही ना?"

"ते विसरत नाहीत," बायको म्हणाली. "तो धंदाच नव्हता त्यांचा."

टीव्हीवाला चहा न घेताच गेला. पाचवं घर राहिलं होतं. जाताना दारात तो वळला आणि उगाचच म्हणाला, "आवाज छान आहे, काका." पुढच्यांना हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं, त्यामुळे त्याला काय म्हणतात ते त्यांना सुचलं नाही. सुचवायला कुणी नव्हतं.

पाचला पाच कमी असताना दादांची मुलगी आली. पन्नाशीच्या आतली, शाळेत गणित शिकवणारी, हनुवटी थेट बापाची. हातात फळांची पिशवी. ती खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या दोन वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसली.

"दमलीस का गं?" बायकोनं विचारलं.

"नाही काकू. म्हणजे हो. गेल्या वर्षापासूनच." ती हसली. "काका, मी तुमचा फार वेळ नाही घेणार. मला सगळं नाटक नकोय. फक्त ती जागा दाखवा."

"कुठली?" पुढच्यांनी विचारलं, जणू काही जागा पुष्कळ होत्या.

"पॉजची."

"दाखवतो की. आणि त्यात तुला एक—" बायको बोलू लागली.

"आधी चहा टाक," पुढचे म्हणाले.

बायको आत गेली, पण कान बाहेर ठेवून. पुढच्यांनी रिमोट हातात घेतला. अंगठा पिवळ्यावर होता.

"शेवटची तीन वर्षं तुम्हाला माहीतच आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही आला होता तेव्हा त्यांनी तुम्हाला ओळखलंही नसेल."

"पुढचं, म्हणाले मला."

"हो का? ते सगळ्यांनाच म्हणायचे. नर्सलासुद्धा." तिनं पिशवीचे बंद सारखे केले. "त्याच्या आधीचं सांगते. सुरुवातीचं. जेवताना बोलता बोलता थांबायचे. 'मी काय म्हणत होतो की' एवढं म्हणायचे आणि थांबायचे. आई आम्हाला दटावायची, गप्प बसा, पॉज आहे. आणि आम्ही थांबायचो, काका. मी मनात मोजायची. सहा महिने आम्ही पॉज समजून वाट बघत होतो. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच का नाही आणलंत? काय सांगणार? टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या म्हणून?"

पुढचे काही बोलले नाहीत. यात त्यांचा सराव होता.

"नाटकात निदान कुणाला तरी पुढचं माहीत असतं. आम्हाला कुठं माहीत होतं?" ती म्हणाली. "आता मला एक वाईट खोड लागलीय. मागे मागे जाऊन तपासत बसते. माझ्या लग्नात त्यांनी नवऱ्याचं नाव चुकीचं घेतलं होतं. तेव्हा आम्ही हसलो. आता वाटतं, तेव्हापासूनच का? दहावीला मला भलत्याच शाळेच्या दारात सोडून आले होते. ते? म्हणजे माझा बाप मला मिळाला तो कधीपासून अर्धाच होता? प्रत्येक आठवणीला हात लावला की ती अशी हलते. म्हणून म्हटलं, एक तरी जागा बघून यावी. एक जागा हवीय मला, जिथं ते स्वतःहून थांबले होते. मुद्दाम. पुढचं सगळं माहीत असून."

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

पुढच्यांनी रिमोटकडे पाहिलं. नऊशे प्रयोगांत दादा मुद्दाम थांबले होते. मोजून, तालात, डोळ्यांत पाणी आणून. नट विसरतो त्यात आजार नसतो, दम लागण्याइतकंच ते साधं असतं, हेही तिला सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण ज्या माणसाची प्रत्येक आठवण हलतेय त्याला आणखी एक हलती आठवण देऊन वर तिचं स्पष्टीकरण द्यायचं, म्हणजे बुडत्याला पोहण्याचं पुस्तक. आणि नऊशेपैकी एकाही प्रयोगाचं चित्रीकरण नव्हतं. होतं ते या एकाचं.

ते उठले आणि सवयीनं तिच्या खुर्चीच्या मागे, थोडे डावीकडे, जाऊन उभे राहिले. बटण दाबलं.

दादा दाराशी आले. कोट, पांढरे केस, तीच हनुवटी. उभे राहिले.

बायको चहाचे कप घेऊन दारात आली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उमटलेल्या निळ्या ठिपक्याकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बटण."

"बरोबर आहे."

"नीट बघा. पिवळं—"

"हेच बरोबर आहे."

"काय झालं, काकू?" मुलीनं मान न वळवता विचारलं.

बायको क्षणभर नवऱ्याकडे पाहत राहिली. अडतीस वर्षं संध्याकाळी एकटीनं जेवणाऱ्या बाईला जेवढं बोलता आलं असतं ते सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. "काही नाही गं," ती म्हणाली. "नवीन आहे ना टीव्ही. ह्यांना अजून कळत नाही." आणि तिनं कप ठेवले, आवाज न करता.

पडद्यावर दादा थांबले होते. मुलगी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होती. आठ. नऊ. दहा. तिच्या मागे पुढच्यांचे ओठ हलले; खोलीत काही उमटलं नाही. "दार लावू नका," दादा म्हणाले. "येईल तो."

"अकरा," मुलगी म्हणाली.

तिनं पेरांवरचा अंगठा उचलला. मग म्हणाली, "परत लावता?"

त्यांनी परत लावलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच रिमोट मागितला, तेव्हा तो त्यांनी दिला नाही. "मला सवय आहे," म्हणाले आणि स्वतः लावलं.

"त्यांना माहीत होतं ना, काका? पुढचं वाक्य?" तिनं विचारलं. "तुम्ही तर संहिता घेऊन बसायचात. तुम्हाला कळत असेल, कोण विसरलाय आणि कोण थांबलाय."

"कळतं," पुढचे म्हणाले.

"मग?"

"अकरा सेकंद. माझ्या पुस्तकात लिहिलेलं आहे."

बायकोनं चहाचा कप उचलला आणि रिकामा नसतानाच परत आत नेला.

मुलीनं डोळे पुसले. नाक ओढलं. तिचे खांदे खाली आले, आणि ती पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसली. गणिताचा पेपर सुटल्यावर मुलं बसतात तशी. मग तिला काहीतरी आठवलं.

"आणि तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"तिथंच."

"कुठं?" ती उठून टीव्हीजवळ गेली. चित्र दादांवर थांबवलेलं होतं. दार, दाराची चौकट, आणि चौकटीच्या डावीकडे विंगेचा काळा पट्टा. तिनं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथं?"

"नाही. अजून थोडं बाहेर."

तिचं बोट सरकत पडद्याच्या कडेपर्यंत आलं. "इथं?"

"आणखी."

कड ओलांडून बोट भिंतीवर आलं. नवा टीव्ही लावताना तिथला रंग थोडा खरवडला होता.

"इथं?" तिनं मागे वळून विचारलं.

"हां," पुढचे म्हणाले. "तिथं."